ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगचे झिजलेले बॉल जॉइंट घरच्या घरी बदलणे

बैलगाडीच्या आसाची खीळ निसटली, तर चाक आसावरून सरकते, गाडी एका अंगावर बसते आणि बैल जागीच थांबतात. चाल मंद असल्याने नुकसान व्हावयाचे ते बहुधा एवढेच होते. ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पुढच्या चाकांना वळविणाऱ्या दांड्याच्या टोकाशी असलेला, मुठीत मावेल एवढा सांधा निखळला, तर स्टिअरिंगचे चक्र चालकाच्या हातात राहते, पण चाके त्याच्या आज्ञेत राहत नाहीत. एक चाक एकीकडे, दुसरे दुसरीकडे तोंड करते. मागे उसाने भरलेली ट्रॉली असली व समोर उतार असला, तर ब्रेक दाबूनही ट्रॉलीचा रेटा ट्रॅक्टरला कोठे नेऊन टाकील, हे सांगता येत नाही.

या सांध्यास कारागीर बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड म्हणतात. तो एकाएकी क्वचितच तुटतो. निखळण्यापूर्वी कित्येक आठवडे तो सूचना देत असतो. ती सूचना ओळखणे हे ट्रॅक्टरधारकाचे काम आहे, आणि ओळखल्यावर नवा सांधा बसविणे हे दोन माणसांना एका सकाळी आपल्या अंगणात करता येण्यासारखे काम आहे. ते कोणत्या रीतीने करावे व कोठे हात आखडता घ्यावा, याचे विवेचन या लेखात केले आहे.

सांध्याची रचना

आपल्या खांद्यात हाडाचा गोल माथा खोबणीत बसलेला असतो, त्यामुळे हात सर्व बाजूंस फिरतो. बॉल जॉइंटची रचना याच धर्तीची आहे. एका पोलादी खुंटाच्या डोक्यावर घोटीव गोळा असतो. तो एका वाटीत बसविलेला असतो. वाटीत धातूचे किंवा नायलॉनचे अस्तर असते, आणि गोळा अस्तरास सतत टेकून राहावा म्हणून पुष्कळ सांध्यांत आतून एक स्प्रिंग असते. वाटीच्या तोंडावर रबराची टोपी असते. खुंटाचा खालचा भाग निमुळता असून तो चाकाच्या स्टिअरिंग आर्मच्या तितक्याच निमुळत्या भोकात पाचरीसारखा बसतो. त्याच्या टोकाशी खाचांचा नट व नटातून आरपार स्प्लिट पिन असते. वाटीच्या दुसऱ्या बाजूस आटे असतात व त्यांनी ती टाय रॉडला जोडलेली असते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. खुंटास जागेवर धरून ठेवते ती निमुळत्या भागाची पकड होय. नट ती पकड आवळतो आणि स्प्लिट पिन नटास फिरू देत नाही. ही तीनही कामे निरनिराळी आहेत. नट घट्ट आहे म्हणून पिन नसली तरी चालेल, हा समज घातक आहे.

बहुतेक ट्रॅक्टरांत असे चार सांधे असतात, काही रचनांत अधिक. पॉवर स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरात पुढच्या आसाजवळच्या हायड्रॉलिक सिलिंडरलाही असे सांधे आढळतात.

झीज कशाने होते?

रबराची टोपी फाटणे हे झिजेचे पहिले व सर्वांत मोठे कारण आहे. टोपी फाटली की आत पाणी व माती शिरते. कोकणात, तसेच भंडारा-गोंदिया भागात भाताच्या चिखलणीसाठी ट्रॅक्टर दिवसच्या दिवस चिखलात चालतो. त्या चिखलातील बारीक वाळू ग्रीसमध्ये मिसळली म्हणजे वंगणाचे उटणे होते आणि गोळा फिरेल तसा घासला जातो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या ऊसपट्ट्यातील कारण थोडे वेगळे. तेथे गळिताच्या हंगामात ट्रॅक्टर शेतापेक्षा रस्त्यावर अधिक धावतो. जड ट्रॉलीचे वजन मागील ओढणीवर पडून पुढचा भाग हलका होतो, खड्ड्यांतून चाके उडतात आणि प्रत्येक आदळ्याचा ठोसा या लहानशा गोळ्यावर येतो.

ज्या सांध्यास ग्रीसची निप्पल आहे, त्यात पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनी ग्रीस भरावेच. चिखलणीच्या दिवसांत मात्र रोज संध्याकाळी ट्रॅक्टर धुऊन झाल्यावर भरावे. नवे ग्रीस जुन्या काळ्या ग्रीसला बाहेर लोटू लागले किंवा टोपी किंचित फुगली की थांबावे. त्यापुढे जोर लावल्यास टोपीच फाटते. काही सांधे कारखान्यातून बंद होऊन येतात. त्यांना निप्पल नसते. अशा सांध्याची टोपी फाटली, तर तो आज घट्ट असला तरी फार दिवसांचा सोबती नव्हे, असे समजावे.

झीज कशी ओळखावी?

स्टिअरिंगचे चक्र बरेच फिरविल्यावर मग चाक वळू लागणे, रस्त्यावर वेग घेताच पुढची चाके थरथरणे, खड्ड्यातून जाताना खालून टक्-टक् आवाज येणे, पुढच्या टायरची एकच कड झिजणे, ही परिचित लक्षणे आहेत. परंतु यांपैकी प्रत्येक लक्षणाला दुसरीही कारणे असू शकतात, म्हणून हाताने परीक्षा केल्याशिवाय सांधा बदलू नये. विनाकारण नवा भाग विकत घेतला आणि थरथर तशीच राहिली, असे पुष्कळदा घडते.

साध्या स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरात परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवावे, चाके जमिनीवरच असू द्यावीत. एकाने चक्र डावी-उजवीकडे थोडेथोडे हलवावे. दुसऱ्याने आपला तळवा सांध्याची वाटी व स्टिअरिंग आर्म या दोहोंवर एकदम टेकेल असा ठेवावा. दोन्ही एकदम हलले तर सांधा चांगला. एक आधी हलून दुसरा मागाहून हलत असेल, तर गोळा वाटीत ढिला झाला आहे. डोळ्यांना न दिसणारा फरक तळव्याला कळतो.

त्यानंतर पुढचा आस जॅकवर उचलावा. चाकाला घड्याळाच्या नऊ व तीन या ठिकाणी दोन हातांनी धरून हलवावे. ढिलेपणा जाणवला तर दोष बहुधा टाय रॉडच्या सांध्यांत असतो. मग बारा व सहा या ठिकाणी धरून हलवावे. येथे ढिलेपणा असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा किंगपिनच्या बुशमध्ये शोधावा. ही दुसरी परीक्षा पुष्कळ जण करीतच नाहीत, आणि बुश झिजलेला असताना सांधे बदलीत बसतात.

पॉवर स्टिअरिंगने चालकाचे श्रम वाचविले, यात शंका नाही. पण त्याचबरोबर एक पहारेकरीही काढून घेतला. पूर्वी ढिल्या सांध्याचे हादरे चालकाच्या मनगटास जाणवत. आता ते तेलात जिरतात. चक्र लोण्यासारखे फिरते आणि खाली गोळा वाटीबाहेर येण्याच्या बेतात असतो. अशा ट्रॅक्टरात चक्राच्या अनुभवावर विसंबून न राहता दर आठवड्यास इंजिन बंद करून, एका माणसाने एक चाक घट्ट धरावे व दुसऱ्याने समोरचे चाक हलवून सांधे पाहावेत. इंजिन चालू असताना सांध्यापाशी हात नेऊ नये.

हे करू नये

एका गावी प्रस्तुत लेखकास सांध्याची वाटी बाहेरून वेल्डिंग करून आवळलेला ट्रॅक्टर पाहावयास मिळाला. दुसऱ्या एका ठिकाणी वाटीत जुन्या टायरच्या रबराचा तुकडा दाबून बसविला होता, व वरून तार गुंडाळली होती. ट्रॅक्टर चालत होता, हे खरे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने आतील अस्तर व ग्रीस जळते, पोलादाचे पाणी उतरते, आणि मालकाला मात्र सांधा घट्ट झाल्याचा भरवसा वाटतो. ढिला सांधा निदान आवाज करून ओरडतो; वेल्डिंग केलेला सांधा गप्प राहून तुटतो.

जुन्या जीपगाड्यांच्या काही दांड्यांत टोकाचा आटेदार बूच आवळून ढिलेपणा काढण्याची सोय होती. वडीलधाऱ्या चालकांच्या मनात तीच पद्धत घर करून आहे. आजच्या बंद सांध्यात आवळण्यासारखे काही नसते. तो झिजला की बदलावयाचाच.

प्रत्यक्ष काम

लागणारे साहित्य पुष्कळांच्या घरी असते: पान्ह्यांचा संच, दोन जड हातोडे, पक्कड, तारेचा ब्रश, मोजण्याची टेप, खडू, जॅक, भक्कम लाकडी ठोकळे व डोळ्यांवर लावावयाचा चष्मा. नवा सांधा व नवी स्प्लिट पिन मात्र आधी आणून ठेवावी.

सपाट व टणक जमिनीवर ट्रॅक्टर उभा करावा. ट्रॉली सोडावी, अवजार जमिनीवर टेकवावे, किल्ली काढून घ्यावी, हँडब्रेक ओढावा व मागील चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव द्यावा. पुढचा आस मधोमध एका खुंटीवर झुलता असतो, हे येथे विसरू नये. एका बाजूस जॅक लावला की ट्रॅक्टर उचलण्याऐवजी नुसता आस तिरपा होतो. म्हणून आस व त्यावरील बैठक यांच्यामधील फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी माराव्यात, मग जॅक लावून आसाखाली दोहोंकडे ठोकळे द्यावेत. विटा व दगड भार पडल्यावर फुटतात. ते वापरू नयेत. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये.

काहीही सोडण्यापूर्वी मोजावे. सांधा व आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करून टाय रॉडच्या एका गोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने घ्यावे व ते खडूने मडगार्डवर लिहून ठेवावे. बाहेर दिसणारे आटेही मोजावेत. या एका मिनिटाच्या कामाने पुढचा अर्धा दिवस वाचतो.

आता स्प्लिट पिन सरळ करून काढावी. जुनी पिन पुन्हा वापरू नये. नट सोडावा, परंतु पुरता न काढता दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा. म्हणजे खुंट निसटला तरी दांडा अंगावर पडत नाही. खुंट भोकात पाचरीसारखा आवळून बसलेला असतो आणि तो सोडविण्याचे तंत्र पुष्कळांस ठाऊक नसते. खुंटाच्या टोकावर घाव घालीत राहिल्यास आटे चेपतात व खुंट मात्र हलत नाही. घाव खुंटावर नव्हे, तर स्टिअरिंग आर्मच्या ज्या डोळ्यात खुंट बसला आहे त्या डोळ्याच्या बाजूवर घालावयाचा असतो. एका बाजूस एक हातोडा ऐरणीसारखा टेकवून धरावा व समोरच्या बाजूवर दुसऱ्याने खणखणीत ठोका द्यावा. ठोक्याने डोळा क्षणभर ताणला जातो व पाचर आपोआप सुटते. चार-सहा ठोक्यांत काम होते. न झाल्यास गावातील कारागिराकडून पुलर मागून आणावा. गॅसची ज्योत मात्र लावू नये. स्टिअरिंग आर्म घडीव पोलादाचा असतो, आणि तापविल्यावर त्याची मूळची ताकद परत येत नाही.

खुंट मोकळा झाल्यावर रॉडवरील पकडपट्टीचा बोल्ट अथवा लॉकनट ढिला करून सांधा फिरवून काढावा. तो किती फेऱ्यांनी निघाला, हे मोजून लिहावे. टाय रॉडच्या एका टोकाचे आटे बहुधा उजवे व दुसऱ्याचे डावे असतात. त्यामुळे रॉड फिरविला की लांबी कमीजास्त करता येते. आटे कोणत्या हाताचे आहेत हे न पाहता जोर लावला, तर सांधा सुटण्याऐवजी आवळत जातो.

नवा सांधा दुकानातून आणताना जुना बरोबर न्यावा. दिसावयास सारखे असलेले सांधे निमुळतेपणात, लांबीत किंवा आट्यांच्या दिशेत वेगळे निघतात. घरी आणल्यावर तो लगेच न आवळता एक परीक्षा करावी. आर्मचा डोळा व खुंट चिंधीने कोरडा पुसावा, खुंटावर खडूची उभी रेघ ओढावी, तो डोळ्यात दाबून थोडा फिरवावा व काढून पाहावा. रेघ बहुतेक सर्व लांबीवर पुसली गेली असेल तर बैठक ठीक आहे. फक्त वरच्या किंवा खालच्या टोकाशी पुसली असेल, तर सांधा त्या ट्रॅक्टरचा नाही, किंवा डोळाच झिजून लंबगोल झाला आहे. जुना नट फार दिवस ढिला राहिला असल्यास असे होते. तेव्हा आर्मही बदलावा लागतो. हा खर्च जड वाटतो, पण लंबगोल डोळ्यात नवा खुंट बसवून काहीही साधत नाही. तो पहिल्या आठवड्यातच हलू लागतो.

निमुळत्या भागास ग्रीस लावू नये. तो कोरडाच बसावयास हवा. आट्यांना थोडे लावण्यास हरकत नाही. सांधा मोजलेल्या फेऱ्यांइतका रॉडमध्ये फिरवावा, खुंट डोळ्यात घालून नट आवळावा. नटाबरोबर खुंटच फिरू लागल्यास सांध्यावर पहारेने दाब द्यावा; पाचर बसली की तो स्थिर होतो. नट पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळावा. नटाची खाच व खुंटातील भोक समोरासमोर येत नसेल, तर नट आणखी थोडा आवळून जुळवावा, कधीही मागे फिरवू नये. नंतर नवी पिन आरपार घालून तिचे दोन्ही पाय वाकवावेत.

चाकांची जुळणी

येथपर्यंत काम नीट झाले तरी ते पुरे झालेले नसते. टाय रॉडची लांबी थोडी बदलली तरी पुढच्या दोन चाकांची दिशा बदलते. समोरून पाहता दोन्ही चाके पुढील बाजूस किंचित आत वळलेली असावी लागतात. यास टो-इन म्हणतात. पुष्कळशा ट्रॅक्टरांत हा फरक काही मिलिमीटरांचाच असतो, आणि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच प्रमाण मानावा.

मोजण्याची रीत अशी. दोन्ही टायरांत हवा सारखी भरावी. पाचरी व ठोकळे काढून ट्रॅक्टर जमिनीवर सरळ उभा करावा. दोन्ही टायरांच्या पुढील बाजूस, आसाच्या उंचीवर, टायरच्या मधोमध खडूची खूण करावी व त्या दोन खुणांमधील अंतर घ्यावे. मग ट्रॅक्टर हळूच पुढे सरकवून त्याच खुणा मागील बाजूस आसाच्या उंचीवर आणाव्यात व पुन्हा अंतर घ्यावे. मागील अंतरातून पुढील अंतर वजा केले की टो-इन मिळतो. त्याच खुणा मागे आणण्याचे कारण असे की, टायर किंवा चकती किंचित वाकडी असली तरी माप चुकत नाही. फरक पडल्यास रॉड फिरवून तो दुरुस्त करावा. दोन रॉड असतील तर दोन्ही सारखेच फिरवावेत. आंतरमशागतीसाठी पुढच्या चाकांमधील रुंदी बदलणाऱ्या शेतकऱ्यांनी हे माप दर वेळी घ्यावयास हवे.

पकडपट्टी आवळण्यापूर्वी चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कोणत्याही वळणावर वाटी आर्मला टेकता कामा नये. टेकत असल्यास वाटी थोडी फिरवून मग आवळावे. निप्पल असेल तर ग्रीस भरावे. पहिली फेरी रिकाम्या शेतात मंद वेगाने घ्यावी, आणि एका दिवसाच्या कामानंतर नट, पिन व पकडपट्टी पुन्हा पाहावी.

किंगपिनचे बुश, स्टिअरिंगचा गिअरबॉक्स व पॉवर स्टिअरिंगच्या सिलिंडरचे आतील भाग यांना मात्र घरी हात घालू नये. त्यांना दाबयंत्र व नेमकी मापे लागतात. तसेच ज्यास आपण बसविलेल्या नटाविषयी रात्री अंथरुणावर शंका येत असेल, त्याने सकाळी जाणत्या फिटरला बोलावून ते काम दाखवावे. मजुरीचे पैसे त्यात वाया जात नाहीत.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. भागात चिखलणी किंवा ऊसतोड सुरू होण्यापूर्वी एक सकाळ ठरवून गावातील ट्रॅक्टर शाळेच्या किंवा सोसायटीच्या मैदानावर आणावेत व वर सांगितलेली तळव्याची आणि चाक हलविण्याची परीक्षा सर्वांसमक्ष करावी. त्यास जॅक, ठोकळे व दोन हात यांपलीकडे काही लागत नाही. परीक्षा मालकाकडून नव्हे, तर जो रोज ट्रॅक्टर चालवितो त्या चालकाकडून करवून घ्यावी. ट्रॅक्टर व अवजारांचे रीतसर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेची माहिती द्यावी; तेथे १९५५ पासून असे शिक्षण दिले जाते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडेही चौकशी करावी.

अशा मेळाव्यासाठी बदललेला जुना सांधा जपून ठेवावा. तो हातकरवतीने उभा कापला, तर पाऊण तासाच्या व्याख्यानाने न पटणारी गोष्ट क्षणात पटते. वाटीच्या कडा पातळ होऊन बाहेर उमललेल्या असतात, ग्रीसच्या जागी काळी खरखरीत माती निघते, आणि गोळा एका बाजूने चपटा झालेला असतो.